खरं की माझं

दसरा होऊन पाच दिवस उलटले, तरी गोरखच्या पडवीत एकही विळा आला नव्हता.

दुसऱ्या गावात ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती. पण पासलीच्या वर, डोंगराला टेकून बसलेल्या त्या पस्तीस उंबऱ्यांच्या वाडीत गेली पंधरा-सोळा वर्षं एक नेम ठरून गेला होता. खंडेनवमीला घरोघर विळे-कोयते पुजायचे, दसऱ्याचं सोनं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आपापल्या घरचे विळे गोरखच्या पडवीत नेऊन टाकायचे. भातकापणी तोंडावर आलेली असायची. गोरख धारेच्या दगडावर पाणी शिंपडून मांडी घालायचा, तो आठ दिवस उठायचा नाही. चाळीस-पंचेचाळीस विळे असायचे. चिठ्ठी नाही की नाव नाही, पण कुठला विळा कुणाचा हे त्याला मुठीवरून कळायचं. धोंडाबाईच्या विळ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. हनुमंताच्या मुठीवर तापल्या सळईचे तीन डाग. चिमाजी म्हाताऱ्याची मूठ वाकडी, त्याच्याच बोटांनी झिजलेली.

मजुरी पैशात नव्हती. कापणी सावडीनं व्हायची, म्हणजे आज सगळी वाडी मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. त्या सावडीत पहिला दिवस गोरखच्या घरचा, हा त्याच्या धारेचा मान होता. उभ्या आयुष्यात त्याला मिळालेला मान म्हणाल तर हा एवढाच.

यंदा तो पाच दिवस दगड भिजवून बसत होता आणि दगड वाळत होता.

दुसरा कुणी असता तर उठला असता, हनुमंताच्या दारात जाऊन म्हणाला असता, ‘काय रं, इळे कुठं हायत?’ गोरखला ते जमणारं नव्हतं. लोक आपल्याविषयी आतल्या आत काहीतरी ठरवताहेत, असं वाटणं हाच तर त्याचा आजार होता.

गोरख सत्तेचाळीस वर्षांचा. अंगानं जाड, कारण गोळ्यांनी माणूस सुटतो. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. विसाव्या वर्षी तो शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका वर्कशॉपवर कामाला लागला होता. तिथं लोखंड घासायला शिकला. चार वर्षं बरी गेली. मग एकाएकी त्याला वाटू लागलं, की हायवेवरून जाणाऱ्या ट्रकच्या पाठीवर जे लिहिलेलं असतं ते आपल्यालाच उद्देशून आहे. मालक आणि कामगार डबा खाताना हसले की ते आपल्यालाच हसतात. एके दिवशी तो हातातलं काम टाकून निघाला आणि शिवऱ्यापासून मार्गासनी, वेल्हे करत दोन दिवसांत पायी वाडीवर येऊन पोचला. पायाची सालटं निघाली होती.

घरी आला तर घरात नवं माणूस. थोरल्या भावाचं, धनाजीचं लग्न होऊन वर्षच झालेलं. रत्ना वहिनी तेव्हा बावीस वर्षांची. गोरखच्या मनानं घेतलं, की ही भाकरीत काहीतरी घालते. अकरा दिवस तो घरचं जेवला नाही. करवंदाच्या जाळीत फिरायचा, कच्ची रताळी उकरून खायचा. बाराव्या दिवशी त्यानं खुंटीवरचा कोयता घेतला आणि गोठ्यात जाऊन बसला.

कोयता घेतला होता, हे खरं. वाडीला तेवढं पक्कं आठवतं. त्यानं दार आतून लावून घेतलं होतं, आणि दोन दिवस तो भीतीनं थरथरत, कोयता मांडीवर घेऊन, कुणी मारायला येईल म्हणून बसून होता, हे मात्र वाडी सोयीनं विसरली. त्याच्या हातून मुंगीसुद्धा मेली नव्हती.

दार उघडवलं रत्नानं. आधी देवऋषी झाला, अंगारे झाले, एका शेजारणीनं मिरच्यांची धुरी सुचवली. रत्नानं कुणाचं ऐकलं नाही. ती भाकरी घेऊन दाराच्या फटीशी बसली, तिनं पदर सावरला, भाकरीचा काठ मोडला, तो स्वतःच्या तोंडात घातला, चावून गिळला आणि म्हणाली, “भाऊजी, म्या खाल्ली. आता मरायचं तर दोगं मरू.” अर्ध्या तासानं कडी निघाली.

तेव्हापासून तिची ती सवयच झाली. गोरखच्या ताटात भाकरी वाढायची म्हणजे आधी काठाचा तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकायचा. सुरुवातीला गोरख ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे टक लावून पाहायचा. पुढं पाहीनासा झाला. तिचा हात मात्र चुकला नाही.

भोरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत डॉक्टर मालिनीबाईंचा दवाखाना. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि गोळ्यांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट दिली. त्या म्हणाल्या, “शंका येणारच. ती आली म्हणून घाबरायचं नाही आणि ती खरी म्हणून धरूनही बसायचं नाही. एक माणूस ठरवा. त्याला विचारा आणि तो सांगेल ते माना.” गोरखनं मान वर न करता वहिनीकडे बोट केलं. जिच्यावर विषाचा आळ घेतला होता तिच्याकडेच.

मग दोघांचं एक ठरून गेलं. गोरख विचारायचा, “वैनी, खरं की माझं?” ती नीट बघायची, ऐकायची, गरज पडली तर बाहेर जाऊन चौकशी करून यायची आणि सांगायची, “खरं,” नाहीतर, “तुमचं.” तुमचं म्हणजे तुमच्या आजाराचं. ते ऐकलं की गोरख मान डोलवायचा, शंका टाकून कामाला लागायचा. कुत्रं भुंकतंय ते खरं. ते आपलं नाव घेऊन भुंकतंय ते माझं. मीटर वाचणाऱ्यानं घराकडं पाहिलं ते खरं, त्यानं वहीत आपल्याविषयी लिहिलं ते माझं. तेवीस वर्षं हा माणूस या एका बाईच्या शब्दाच्या काठीनं चालत होता. आणि तेवीस वर्षांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

यंदा नवरात्रात एक बातमी आली. लांब कुठंतरी परराज्यात, भरल्या बाजारात एका माणसानं कोयत्यानं सहा जणांना कापलं. त्यात एक बाई आणि तिचं तान्हं पोर. वाडीत दूध घालायला सगळे हनुमंताच्या ओट्यावर जमायचे. हनुमंत दूध संस्थेचा सचिव. फॅट मोजायचं यंत्र त्याच्याकडं आणि जगाची अक्कलही त्याच्याकडंच. त्याच्या मोबाईलवर चार चौकटींत चार माणसं भांडत असायची. एक म्हणायचा, तो मनोरुग्ण होता म्हणूनच त्यानं असं केलं. दुसरा म्हणायचा, मनोरुग्ण असल्याचं सोंग करून सुटायला बघतोय. तिसरा म्हणायचा, अशा लोकांची सरकारनं गावोगाव यादी केली पाहिजे. चौथ्याला कुणी बोलूच देत नव्हतं.

गोरख बरणी घेऊन ओट्याची पायरी चढला, तेव्हा हनुमंत म्हणत होता, “यादी कराया सरकार कशाला पायजे? आपल्याला काय म्हाईत न्हाई व्हय?” आणि गोरखला पाहताच मोबाईल पालथा झाला. बोलणं असं थांबलं, की यंत्राचा आवाज ऐकू येऊ लागला.

गोरखनं दूध घातलं आणि घरी येऊन चुलीपाशी उभा राहिला.

“वैनी, म्या गेलो की समदी गप झाली. हनुमंतानं मोबाईल लपावला. खरं की माझं?”

रत्ना चुलीत फुंकर घालत होती. धूर झाला म्हणून की काय, तिनं वर पाहिलं नाही. “तुमचं,” ती म्हणाली.

त्यानं मान डोलवली.

दसऱ्यानंतर धोंडाबाई, जी एरवी त्याला हाक मारून अर्धा कप चहा पाजायची, ती त्याला येताना बघून उठून आत गेली आणि तिनं दाराची खालची फळी लावून घेतली. खरं की माझं? “तुमचं. म्हातारीचं गुडगं दुखत्यात, बसवत न्हाई तिला बाहेर.”

गोठ्यातल्या खुंटीवरचा कोयता दिसेना. गोरखला जळणाला फाटे तोडायचे होते. “दांडा मोडला म्हणून तुमच्या दादांनी टाकला. तुमचं काय न्हाई त्यात.”

आणि विळे? त्या प्रश्नाला रत्नाकडे तयार उत्तर होतं. जरा जास्तच तयार. “आवं, यंदा समद्यांनी बाजारातले नवे दातेरी इळे आणल्यात. त्यांना धार लावाया लागत न्हाई. तुमाला कशापायी पायजेत ते कष्ट?”

“समद्यांनी?”

“समद्यांनी.”

“धोंडाबाईनंबी?”

“व्हय.”

धोंडाबाई चहाची पावडरसुद्धा उकळून दुसऱ्यांदा वापरायची. ती नवा विळा घेईल? गोरखच्या मनात हे आलं. पण मनात येणं आणि खरं असणं यांत किती अंतर असतं, हे वाडीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वहिनी म्हणाली तुमचं, म्हणजे माझं.

त्या दिवसांत तो आतून फार घाबरला. वाडीची भीती त्याला वाटत नव्हती. भीती होती ती गोठ्यातल्या त्या दोन दिवसांची. त्या दिवसांकडे परत जायचं नाही म्हणून तो तेवीस वर्षं एक गोळी न चुकवता घेत आला होता, आणि आता तेच सगळं परत येत होतं. गप्प होणारे लोक, बंद होणारी दारं, नाहीशा होणाऱ्या वस्तू. शिवऱ्यालाही असंच सुरू झालं होतं. रानात कुणी नसताना तो एकदा बांधावर बसून रडला.

शेवटी पहाटेची एसटी धरून तो भोरला निघाला. नसरापूरला गाडी बदलताना स्टँडवरच्या दोन बायका त्याच्याकडे पाहून कुजबुजल्यासारख्या वाटल्या. त्यांना तर तो कोण हेही माहीत असायचं कारण नव्हतं. आता तर खात्रीच झाली. हे माझंच.

मालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या.

“ते प्रकरण टीव्हीवर आल्यापासून रोज कुणीतरी येतंय, गोरख. कुणाला कामावरून काढलं, कुणाला खोली सोडायला सांगितली. तीस वर्षं झाली मला. माझे पेशंट मारणारे थोडे, मार खाणारेच फार. पण टीव्हीवर हे कोण ऐकतंय?” मग त्यांनी चष्मा काढला. “तुमच्या वाडीतही तसं काही झालं असेल का?”

गोरखच्या छातीत काहीतरी उजळलं. क्षणभरच.

“वहिनी काय म्हणतात?”

“माझं म्हंत्यात. दर बारीला.”

“त्या कधी खोटं बोलल्यात तुमच्याशी?”

“न्हाई. कदीच न्हाई.”

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. तेवीस वर्षं जी काठी त्यांनीच हातात दिली होती, तिच्यावर त्या तरी कसा अविश्वास दाखवणार? “मग आपण रात्रीची गोळी वाढवू. दीड घ्या,” त्या म्हणाल्या.

दीड गोळीनं गोरख सकाळी नऊपर्यंत उठेना. जीभ जड झाली, लाळ गळू लागली. आठव्या दिवशी त्यानं स्वतःचा विळा दगडावर धरला तर हात लटपटला आणि धार एका बाजूला कलली. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यानं विळा पुसून ठेवला.

इथं एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती वाडीत कुणी काढत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत सगळीकडचीच. चार वर्षांपूर्वी मोबाईलवर असाच एक संदेश फिरला, की पोरं पळवणारी टोळी आली आहे, टेम्पोतून फिरते. दोनच दिवसांनी चादरी विकणारे दोघे जण टेम्पो घेऊन ओढ्याच्या पुलाशी आले. त्यांनी एका पोराला गोळी-बिस्किट देऊ केलं. झालं. तीस-चाळीस माणसं धावली. हनुमंत पुढं होता, धनाजीही होता, चिमाजी म्हातारासुद्धा काठी घेऊन होता. एकाचा हात मोडला, दुसऱ्याचा डावा डोळा कायमचा गेला. ते दोघं खरोखरीच चादरी विकणारे होते. त्या दिवशी पुलावर ज्यानं हात उचलला नाही असा गडी गोरख एकटा. त्यानं डोळा गेलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बरणीतलं पाणी पाजलं.

पुढं केस झाली, तारखा झाल्या. पण त्या चाळीस जणांच्या डोक्यात काय झालं होतं, हे कुणी विचारलं नाही. त्यांची यादी करा असं कुठल्या चौकटीतला कुणी म्हणाला नाही. त्यांना कुणी भोरला नेऊन गोळ्या सुरू केल्या नाहीत. ती सगळी शहाणी माणसं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला वेळेवर आली.

कापणी सुरू झाली. पहिला दिवस हनुमंताच्या खाचराचा. गोरखचा मान गेल्याचं त्याला कुणी सांगितलंही नाही. रत्ना निघताना म्हणाली, “तुमी ऱ्हावा घरी. नव्या गोळ्या हायत, चक्कर यील उन्हात.”

तो थोडा वेळ राहिला. मग पडवीत बसवेना. चाळीस जण कापायला उतरले आणि आपण घरी, असं एकाही वर्षी झालं नव्हतं. त्यानं आपला विळा घेतला आणि वाटेला लागला.

इंद्रायणी भाताचा वास बांधापर्यंत येत होता. खाली खाचरात ओळीनं माणसं वाकली होती, बोलणं-हसणं चाललं होतं. गोरख बांधावर येऊन उभा राहिला तसं ते बोलणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं विझत गेलं.

त्यानं माणसांकडं पाहिलंच नाही. त्याची नजर विळ्यांवर गेली.

भात कापलं जात नव्हतं, ओढलं जात होतं. निम्मी रोपं मुळासकट येत होती, लोंब्या गळत होत्या. सगळ्यात जवळ धोंडाबाई होती. तिच्या विळ्याला तांब्याची तार होती. पलीकडं वाकडी मूठ. त्याच्या पलीकडं तीन डाग. एकही विळा नवा नव्हता, एकही दातेरी नव्हता. तेच जुने, त्याच्या हातचे विळे. फक्त पात्यांच्या कडा निळ्या पडल्या होत्या. यंत्राच्या चाकावर फार वेळ धरलं की लोखंड तापून असं निळं होतं आणि त्याचं पाणी, म्हणजे धार धरून ठेवायची ताकद, जातं. ही अक्कल त्याला शिवऱ्याच्या वर्कशॉपनंच दिली होती.

गोरखच्या डोक्यातलं सगळं धुकं त्या निळ्या कडेपाशी येऊन थांबलं.

तेवढ्यात हनुमंत सरळ झाला. त्याच्या हातात विळा होता. त्याच्या शेजारच्या प्रत्येकाच्या हातात होता. तो म्हणाला, “गोरख, आदी तो इळा खाली ठिव.”

“का?”

“ठिव म्हन्तो ना. बायामाणसं हायत हितं.”

गोरखनं चाळीस विळ्यांकडं पाहिलं, मग आपल्या एका विळ्याकडं. वाकून तो बांधावर ठेवला. आणि मग त्यानं ओळीत रत्नाला शोधलं. ती मधोमध होती, हातात भाताची मूठ तशीच धरून.

“वैनी,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खरं की माझं?”

कुणाला काही कळलं नाही. हा त्या दोघांचा घरातला शब्द, तो असा चारचौघांत कधी आला नव्हता. धनाजीनं बायकोकडं पाहून हळूच नकारार्थी मान हलवली. ते गोरखनं पाहिलं. रत्नानंही पाहिलं.

“वैनी, म्या इचारतोय.”

रत्नाच्या हातून भाताची मूठ खाली पडली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

“खरं,” ती म्हणाली. “खरं हाय, भाऊजी. समदं खरं हाय. देवळात बसून ठरावलं ह्या समद्यांनी. येड्याच्या घरी चाळीस इळे कशाला ठेवायचे म्हणाले. हनुमंतानं पोत्यात भरून टेम्पोतनं शिवऱ्याला नेले. आपला कोयता म्या कणगीत लपावला. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी मोडून पडला आसता, म्हणून... म्हणून म्या म्हनले, तुमचं.”



आणि गोरख हसला. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन बाया मागं सरकल्या. त्यांना वाटलं, येड लागलं याला. तो हसत होता कारण इतक्या दिवसांचं ओझं एका शब्दात उतरलं होतं. सगळी वाडी आपल्याविरुद्ध आहे, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सुखाची बातमी होती.

“म्हंजी म्या बरा हाय,” तो म्हणाला. “वैनी, म्या बरा हाय!”

डोळे पुसून त्यानं बांधावरचा विळा उचलला. या वेळी त्याला कुणी ठेव म्हणालं नाही. जाता जाता तो हनुमंतापाशी थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच माहीत करून घ्यायचं असावं तसं त्यानं विचारलं.

“हनुमंता, मला शंका आली की म्या वैनीला इचारतो. तुमाला आली की तुमी कुणाला इचारता? त्या दिशी पुलावर कुणाला इचारलं व्हतं?”

चिमाजी म्हातारा आपल्या वाकड्या मुठीकडं बघत राहिला. गोरख उत्तरासाठी थांबला नाही. तो आपल्या खाचराकडं चालू लागला आणि एकट्यानंच कापायला वाकला.

थोड्या वेळानं रत्ना मागून आली. तिनं शेजारची ओळ धरली. दोघं बराच वेळ कापत राहिले.

“मला वाटलं तुमच्या भल्याचं हाय,” ती शेवटी म्हणाली.

“म्हाईत हाय.”

“शेजाऱ्यांनी सोडलं तरी चालंल, पण तुमचा जीव...”

गोरख उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं डोंगराकडं पाहिलं. “वैनी, तवा म्या म्हणायचो, तुमी माझ्या भाकरीत कायतरी घालता. तवा तुमी काय घातलं न्हवतं. आवंदा घातलं.”

रत्ना खाली बसली. तो तिला उठवायला गेला नाही, तिच्यावर ओरडलाही नाही. वाकून पुन्हा कापू लागला.

दुपारी घरी येऊन तिनं चूल पेटवली. धनाजी अजून हनुमंताच्या खाचरात होता. गोरख हातपाय धुऊन भिंतीशी बसला. तिनं नाचणीची गरम भाकरी तव्यावरून उतरवली, त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि नेहमीच्या सवयीनं काठाचा तुकडा मोडून आपल्या तोंडात टाकला.

गोरखनं भाकरीला हात लावला नाही. तो तिच्या गळ्याकडं बघत होता.

रत्नाला ते कळलं. तिनं मान थोडी वर केली, त्याला नीट दिसावं म्हणून, आणि तो तुकडा गिळला. मग त्यानं भाकरी मोडली.